धुराला किंमत लावली की काय होतं?

सिमेंटच्या भट्टीत १०० किलो शुद्ध चुनखडी तापवली की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो. भट्टी पेटवायला लागणाऱ्या कोळशाचा धूर यात धरलेलाच नाही. हा वायू थेट दगडातून निघतो. आता त्या कारखान्याची खातेवही उघडून बघा. चुनखडीचा खर्च तिथे आहे, कोळशाचा आहे, मजुरी, वीज, वाहतूक, कर्जावरचं व्याज, सगळं पैशापैशानं लिहिलेलं आहे. ते ४४ किलो मात्र कुठेच नाहीत, कारण ते हवेत सोडायला कुणाला काही द्यावं लागलं नाही.

म्हणून त्यांचा खर्च नाही, असं नाही. तापमान वाढतं, पिकं करपतात, अवेळी पूर येतात, आणि त्याचे पैसे कुणीतरी भरतंच. पण भरणारा कारखान्याचा मालक नसतो, सिमेंट विकत घेणाराही नसतो. बरेचदा तो अजून जन्मलेलासुद्धा नसतो. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० साली ही गोष्ट अगदी घरगुती उदाहरणानं दाखवली होती. मोठ्या शहरातल्या धुरामुळे लोकांना कपडे जास्त वेळा धुवावे लागतात, खोल्या जास्त वेळा साफ कराव्या लागतात, अंधारून आलं म्हणून जादा दिवे लावावे लागतात. हा सगळा खर्च धूर सोडणाऱ्याच्या हिशेबात येत नाही. अर्थशास्त्रात याला ‘बाह्य खर्च’ म्हणतात. पिगू यांनी मांडलेला उपाय सरळ होता. जेवढं नुकसान, तेवढा कर लावा, म्हणजे तो खर्च ज्याचा आहे त्याच्या वहीत जाऊन बसेल.

पुढच्या शंभर वर्षांत या एका कल्पनेच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. त्यांची नावं आणि नियम वेगवेगळे असले, तरी त्या सगळ्यांमागे एकच यंत्रणा चालते, असं मला वाटतं. धुराला किंमत आली की ती कारखानदाराला स्वस्तातली स्वस्त वाट शोधायला लावते. ही तिची ताकद आहे. मात्र स्वस्त वाट चांगलीच असेल, याची हमी किंमत देत नाही. पळवाट स्वस्त पडली, तर कारखानदार पळवाट धरतो.

आधी ताकद बघू. समजा, अ आणि ब असे दोन कारखाने आहेत. अ जुना आहे, गळका आहे. तिथे एक टन उत्सर्जन कमी करायला २० डॉलर लागतात. ब आधीच आधुनिक आहे, तिथे सोपं होतं ते सगळं करून झालंय; आता पुढच्या प्रत्येक टनाला ९० डॉलर पडतात. सरकारला दोघांकडून मिळून ५० टन घट हवी आहे. सरकारनं हुकूम काढला की प्रत्येकानं २५ टन कमी करा. अ चा खर्च ५०० डॉलर, ब चा २,२५०, म्हणजे एकूण २,७५० डॉलर. आता हुकमाऐवजी टनाला ३० डॉलर कर लावला. अ विचार करतो, कर भरण्यापेक्षा २० डॉलरमध्ये धूर कमी करणं परवडतं. तो एकटाच ५० टन कमी करतो. ब म्हणतो, ९० खर्च करण्यापेक्षा ३० भरलेले बरे. आता धूर कमी करायचा खर्च फक्त १,००० डॉलर. ब चा कर वेगळा, पण तो सरकारच्या तिजोरीत जातो आणि तिथून दुसऱ्या कामी येतो. तो वाया गेलेला पैसा नव्हे. हवेत दोन्ही वेळा तेवढाच कार्बन कमी झाला.

या उदाहरणातली खरी मोलाची गोष्ट बचतीच्या आकड्यात नाही. २० आणि ९० हे आकडे सरकारला कधीच ठाऊक नसतात. ते फक्त कारखानदाराला ठाऊक असतात, आणि विचारलं तर प्रत्येक जण ‘मला फार महाग पडतं’ असंच सांगणार. किंमत लावली की विचारायची गरजच उरत नाही. कोण काय करतो, यावरूनच कुणाला किती पडतं ते उघड होतं.

‘म्हणजे पैसे भरले की प्रदूषण करायची मुभा?’ हा आक्षेप मला नेहमी ऐकू येतो आणि तो मनापासूनचा असतो. त्यावर माझं उत्तर असं की किंमत नव्हती तेव्हा ती मुभा फुकट मिळत होती. पण आक्षेपाचा एक भाग पूर्णपणे बरोबर आहे. कार्बन डायऑक्साइड जगभरच्या हवेत मिसळतो, म्हणून तो अ नं कमी केला काय किंवा ब नं काय, फरक पडत नाही. काजळी, गंधक, पारा यांचं तसं नसतं. ब च्या धुराड्याखाली राहणाऱ्या माणसाला अ नं केलेल्या घटीचा काडीचा उपयोग नाही. ज्या विषाची मार जवळ बसते, त्याला कडक मर्यादा आणि सक्ती हवीच. तिथे नुसत्या बाजारावर विसंबणं मला पटत नाही.

किंमत लावायचे मुख्य मार्ग दोन. पहिला, थेट कर: सरकार किंमत ठरवतं, घट किती होईल ते नंतर कळतं. दुसरा, मर्यादा आणि व्यापार: सरकार एकूण किती टन धूर चालेल ते ठरवतं, तेवढेच परवाने काढतं, आणि ते परवाने कारखाने आपापसांत विकत-घेत राहतात, इथे घट पक्की, किंमत मात्र वरखाली. अर्थशास्त्रज्ञ मार्टिन वाइट्झमन यांनी १९७४ साली दाखवून दिलं की अंदाज चुकण्याचा धोका जिथे असतो तिथे हे दोन मार्ग सारखे उरत नाहीत. थोडं जास्त प्रदूषण झाल्यानं नुकसान एकदम भडकणार असेल, तर प्रमाण पक्कं करावं. नुकसान हळूहळू वाढणारं असेल आणि घटीचा खर्च मात्र झपाट्यानं चढणारा असेल, तर किंमत पक्की करावी.

किंमत किती ठेवायची, हा प्रश्न ऐकायला तांत्रिक वाटतो, पण त्यात नीतीचा भाग मोठा आहे. आज सोडलेल्या एका टनाचं नुकसान पुढची शे-दोनशे वर्षं होत राहणार. ते आजच्या पैशात मोजायला अर्थतज्ज्ञ ‘वटाव दर’ वापरतात, म्हणजे भविष्यातल्या रकमेचं मोल दरवर्षी किती टक्क्यांनी कमी धरायचं तो दर. शंभर वर्षांनी होणारं १०० डॉलरचं नुकसान आज किती मोलाचं? दर ५ टक्के धरला तर ७६ सेंट, २ टक्के धरला तर जवळजवळ १४ डॉलर. नुकसान तेच, माणसं तीच, फक्त एक दर बदलला आणि उत्तर अठरापट झालं. अमेरिकेत हे प्रत्यक्ष घडलं. एका टनाच्या नुकसानीचा सरकारी आकडा ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत १ ते ७ डॉलर इतका खाली आणला गेला. त्यासाठी चढा वटाव दर घेतला आणि फक्त देशातलंच नुकसान धरलं. २०२३ मध्ये तिथल्याच पर्यावरण संस्थेनं २ टक्के दर धरून तो १९० डॉलर काढला. नातवंडांच्या पिढीला केवळ ती उशिरा जन्मली म्हणून कमी मोजायचं, हे मला कधीच मान्य झालेलं नाही. म्हणून या वादात मी कमी दराच्या बाजूनं आहे.

आता स्वस्त वाट खरोखर सापडली, त्याची गोष्ट. अमेरिकेतल्या कोळशाच्या वीजकेंद्रांतून निघणाऱ्या गंधकामुळे आम्लवर्षा होत होती. १९९० च्या कायद्यानं ठरवलं की सल्फर डायऑक्साइडचं उत्सर्जन १९८० च्या पातळीपेक्षा एक कोटी टनांनी खाली आणायचं, आणि १९९५ पासून परवान्यांचा बाजार सुरू झाला. अनेकांना वाटत होतं की कंपन्या धुराड्यांवर महागडी धूर धुण्याची यंत्रं बसवतील. काहींनी बसवलीही. पण १९८० मध्ये रेल्वेच्या मालवाहतूक दरांवरचं सरकारी नियंत्रण सैल झालं होतं, आणि पश्चिमेकडच्या वायोमिंगमधला कमी गंधकाचा कोळसा हजारो किलोमीटर दूर पूर्वेकडे आणणं परवडू लागलं होतं. अनेक केंद्रांनी सरळ कोळसा बदलला. परवान्यांचा भाव अंदाजापेक्षा कितीतरी खाली राहिला, आणि घटीचं उद्दिष्ट मुदतीच्या आधी गाठलं गेलं. सरकारनं ‘प्रत्येकानं यंत्र बसवाच’ असा हुकूम काढला असता, तर रेल्वेची ही वाट कुणी चोखाळली नसती.

युरोपात २००५ साली कार्बनचा बाजार सुरू झाला तेव्हा मात्र पहिली काही वर्षं दुसरीच बाजू दिसली. परवाने किती काढायचे, ते बऱ्याच अंशी कंपन्यांच्या अंदाजांवरून ठरलं, आणि बहुतेक परवाने फुकट वाटले गेले. एप्रिल २००६ मध्ये मोजलेल्या उत्सर्जनाचे आकडे बाहेर आले आणि कळलं की परवाने गरजेपेक्षा जास्तच आहेत. तीस युरोच्या आसपास असलेला भाव थोड्याच दिवसांत निम्म्यावर आला. ते परवाने पुढच्या टप्प्यात नेता येत नव्हते, त्यामुळे २००७ मध्ये त्यांना जवळजवळ काहीच किंमत उरली नाही.

त्यातही वीज कंपन्यांना घबाड मिळालं, आणि ते कसं मिळालं हे समजून घेण्यासारखं आहे. कंपनीला परवाना फुकट मिळाला होता. पण तो वापरला की विकता येत नाही, म्हणून वापरणं म्हणजे बाजारभाव गमावणं. तेवढी रक्कम कंपन्यांनी विजेच्या दरात चढवली. ग्राहकानं कार्बनची किंमत भरली, आणि सरकारकडे जायला हवा होता तो पैसा कंपनीच्या नफ्यात जमा झाला. यात कायदा कुणी मोडला नाही. जो नियम होता त्यातली फायद्याची वाट त्यांनी धरली, इतकंच. २०१३ पासून वीजनिर्मितीसाठीचे परवाने बहुतेक लिलावानं विकले जाऊ लागले, जादा परवाने बाजूला काढून ठेवण्याची सोय २०१९ पासून आली, आणि २०१३ मध्ये पाच युरोच्याही खाली गेलेला भाव फेब्रुवारी २०२३ मध्ये शंभरच्या वर गेला. २०२३ पर्यंत त्या बाजारातल्या वीजकेंद्रांचं आणि कारखान्यांचं उत्सर्जन २००५ च्या तुलनेत जवळपास ४७ टक्क्यांनी खाली आलं होतं. त्यात वारा आणि सूर्य स्वस्त होण्याचाही वाटा मोठा आहे. सगळं श्रेय एकट्या किमतीला देणं चूक ठरेल.

पण उलटी वाट किती लांब जाऊ शकते, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण एचएफसी-२३ या वायूचं आहे. वातानुकूलन यंत्रांत लागणारा एचसीएफसी-२२ बनवताना हा टाकाऊ वायू तयार होतो. उत्सर्जन कमी करण्यासाठी झालेल्या आंतरराष्ट्रीय क्योटो कराराखालच्या हिशेबात त्याचा एक टन म्हणजे कार्बन डायऑक्साइडचे ११,७०० टन. विकसनशील देशांतल्या कारखान्यांनी तो जाळून नष्ट केला की त्यांना तेवढी क्रेडिट, म्हणजे घटीची विकता येणारी प्रमाणपत्रं, मिळत, आणि ती श्रीमंत देशांतल्या कंपन्या विकत घेत. तो नष्ट करायचा खर्च अगदी किरकोळ होता आणि क्रेडिटचा भाव त्याच्या कितीतरी पट. झालं असं की मुख्य मालापेक्षा टाकाऊ वायू जाळण्यातून जास्त कमाई होऊ लागली. मग टाकाऊ वायू कमी कसा करायचा, याचा विचार कोण करणार? काही कारखान्यांत क्रेडिट मिळत असे त्या काळात टाकाऊ वायूचं प्रमाण वाढायचं आणि क्रेडिटची मर्यादा संपली की घटायचं, हे अभ्यासकांनी आकड्यांवरून दाखवून दिलं. जो वायू हवेत जाऊ नये म्हणून पैसे दिले जात होते, तोच वायू त्या पैशांसाठी तयार होत होता. युरोपीय संघानं मे २०१३ पासून आपल्या बाजारात ही क्रेडिट वापरायला बंदी केली. चूक कशात होती? प्रदूषण केल्याबद्दल किंमत घेण्याऐवजी प्रदूषण टाळल्याबद्दल बक्षीस दिलं गेलं. बक्षीस मोठं असलं की टाळायला आधी निर्माण करावं लागतं.

यापेक्षाही स्वस्त एक वाट आहे: मोजणाराच आपला करून घ्यायचा. गुजरातमध्ये प्रदूषणाची तपासणी करणारे लेखापरीक्षक कारखानाच निवडत असे आणि त्यांचे पैसेही कारखानाच देत असे. घन मीटरला १५० मिलिग्रॅम धूलिकणांची मर्यादा होती, आणि अहवालांचे आकडे त्या मर्यादेच्या जरा खाली येऊन दाटीनं थांबलेले. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थतज्ज्ञांनी सरकारी प्रदूषण मंडळाबरोबर एक प्रयोग केला. काही कारखान्यांसाठी परीक्षक चिठ्ठी टाकून नेमले, त्यांचे पैसे एका सामायिक निधीतून दिले, आणि त्यांनी केलेल्या मोजण्या पुन्हा तपासल्या. अहवाल खरे येऊ लागले, आणि त्यामुळे कारखान्यांनी प्रदूषणही कमी केलं. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. पुढे २०१९ मध्ये त्याच राज्यात, सुरतेतल्या सुमारे ३०० कारखान्यांमध्ये धूलिकणांच्या परवान्यांचा बाजार सुरू झाला. धुराड्यांवर सतत मोजणारी यंत्रं बसवलेली होती. बाजारातल्या कारखान्यांचं प्रदूषण जुन्या पद्धतीतल्या कारखान्यांपेक्षा २० ते ३० टक्क्यांनी कमी निघालं. परवाने, लिलाव, दंड या सगळ्या चर्चेत मोजमापाची बाजू नेहमी मागे पडते. माझ्या मते ती सगळ्यात आधी यायला हवी.

स्वीडननं १९९२ मध्ये मोठ्या बॉयलरांतून निघणाऱ्या नायट्रोजन ऑक्साइडवर किलोला ४० क्रोनर आकार लावला, तेव्हाही हेच दिसलं. आकार भरायचा म्हणून मोजणारी यंत्रं बसवावी लागली. आकडे समोर दिसू लागल्यावर तंत्रज्ञांच्या लक्षात आलं की नुसती हवा आणि इंधनाची जुळणी नीट ठेवली तरी बरीच घट होते, जवळजवळ फुकटात. शिवाय जमा झालेले पैसे त्याच कारखान्यांना त्यांनी तयार केलेल्या ऊर्जेच्या प्रमाणात परत दिले जात. जो सरासरीपेक्षा स्वच्छ त्याला नफा, जो मळका त्याला तोटा. त्यामुळे उद्योगांचा विरोधही सौम्य राहिला. मला ही रचना फार आवडते.

हे सगळं तिथे चालतं जिथे एखादी स्वस्त वाट असते. काही ठिकाणी ती नसतेच. सुरुवातीच्या त्या चुनखडीकडे परत बघा. सिमेंटच्या उत्सर्जनातला निम्म्याहून जास्त वाटा दगडातून निघतो. भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी तो निघणारच. पोलादाचं दुखणं थोडंफार असंच आहे. झोतभट्टीत कोळशापासून केलेला कोक फक्त उष्णता देत नाही, तो लोहखनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो. एक टन पोलादामागे असा साधारण दोन टन वायू. कोकच्या जागी हायड्रोजन वापरता येतो. स्वीडनमध्ये तसं बनवलेलं पहिलं पोलाद २०२१ मध्ये ग्राहकाच्या हाती पडलं. पण त्याला प्रचंड स्वच्छ वीज लागते आणि नव्या भट्ट्या लागतात.

अशा उद्योगांवर एकाच देशानं किंमत लावली, तर मालकाला उरलेली स्वस्त वाट म्हणजे कारखाना किंमत नसलेल्या देशात नेणं. या भीतीपोटी युरोपनं सिमेंट आणि पोलादाला आजवर बरेचसे परवाने फुकट दिले. आता त्याजागी सीमेवरचा कार्बन आकार येतो आहे. ऑक्टोबर २०२३ पासून आयातदारांना मालामागचं उत्सर्जन कळवावं लागलं, आणि २०२६ पासून आयात होणाऱ्या मालावर हा आकार लागू झाला. पोलाद, सिमेंट, अ‍ॅल्युमिनियम, खतं, वीज आणि हायड्रोजन त्यात येतात. फुकट परवाने टप्प्याटप्प्यानं कमी करत २०३४ पर्यंत बंद व्हायचे आहेत. माल जिथून आला त्या देशात कार्बनची किंमत आधीच भरली असेल, तर तेवढी वजावट मिळते. त्यामुळे पैसे परक्या तिजोरीत जाण्यापेक्षा आपल्याच तिजोरीत राहिलेले बरे, हा हिशेब देशोदेशीची सरकारं करू लागली. भारतानं २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली. चीननं २०२१ मध्ये वीजकेंद्रांपासून सुरू केलेला बाजार २०२५ मध्ये पोलाद, सिमेंट आणि अ‍ॅल्युमिनियमपर्यंत वाढवला. ज्या देशांनी आजवर फारसा धूर सोडलाच नाही, त्यांच्या निर्यातीवर हा बोजा पडतो, ही तक्रार रास्त आहे. या आकारातून मिळणारा पैसा त्या देशांना स्वच्छ भट्ट्या उभारायला द्यावा, ही मागणीही मला रास्त वाटते.

किमतीनं अवघड उद्योगातही वाट काढली, अशी एक जुनी नोंद आहे. नॉर्वेनं १९९१ मध्ये समुद्रातल्या तेल-वायू उत्पादनावर कार्बन कर लावला. स्लाइपनर क्षेत्रातल्या नैसर्गिक वायूत कार्बन डायऑक्साइड जास्त होता आणि विकण्याआधी तो वेगळा करावाच लागत असे. तो हवेत सोडून कर भरण्यापेक्षा समुद्रतळाखाली पुरणं स्वस्त पडलं. १९९६ पासून तिथे वर्षाला दहा लाख टनांच्या आसपास वायू खाली गेला. पण तिथे वायू आधीच वेगळा होऊन हाती येत होता. सिमेंटच्या धुराड्यातून तो गाळून काढणं कितीतरी महाग.

नॉर्वेतल्याच ब्रेव्हिक इथे जून २०२५ मध्ये सिमेंट कारखान्याला जोडलेला असा पहिला मोठा प्रकल्प सुरू झाला. वर्षाला चार लाख टन, म्हणजे त्या कारखान्याच्या उत्सर्जनाचा जवळजवळ निम्मा भाग पकडायचा आणि जहाजानं नेऊन समुद्रतळाखाली साठवायचा. खर्चाचा मोठा वाटा सरकारनं उचलला, कारण कार्बनच्या आजच्या किमतीत हा हिशेब बसत नव्हता. सिमेंटची भट्टी चाळीसेक वर्षं चालते. आज ती बांधणाऱ्याला २०५० आणि २०६० मधल्या एका टनाची किंमत हवी आहे, आणि त्याच्या हातात दर काही वर्षांनी निवडून येणाऱ्या सरकारांचा शब्द आहे. ऑस्ट्रेलियानं २०१२ मध्ये लावलेली कार्बनची किंमत २०१४ मध्ये मागे घेतली, हे त्या मालकाला ठाऊक असतं. कर्ज देणाऱ्या बँकेलाही ठाऊक असतं, आणि व्याजाचा दर ठरवताना ती ते धरते.